मोटारीची जिल्हई

कोल्हापुराहून सांगलीस जातांना वाटेंत जयसिंगपूर लागतें. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपले जन्मदाते जयसिंगराव आबासाहेब घाटगे यांच्या नांवानें हें गांव वसविलें, आणि तें आधीं कागदावर आंखून मग जमिनीवर उतरविलें. रस्ते सरळ, एकमेकांस काटकोनांत छेदणारे. नव्या पाहुण्यालाहि घर शोधण्यास वेळ लागत नाहीं. ज्या घरांपुढें एके काळीं सायकली आणि छकडे उभे असत, त्याच घरांपुढें आज एखादी तरी मोटार दिसते, आणि तीन भावांच्या एकत्र कुटुंबांत तर दोन-दोन. मोटारीच्या यंत्राला घरांतील मंडळी सहसा हात लावीत नाहींत; तें काम कारागिराचें, हें सर्वांस मान्य असतें. रंगाची गोष्ट मात्र तशी नाहीं. सकाळीं उठून फडकें मारणें, रविवारीं नळी धरणें, खंडेनवमीच्या आदले दिवशीं घांसून-पुसून लखलखीत करणें, हीं कामें प्रत्येक जण आपलींच समजतो. त्यांत आजोबा आले, काका आले, कॉलेजांतला पुतण्या आला आणि सुट्टींत आलेला भाचाहि आला. खरी गोम येथेंच आहे. मोटारीचा रंग उन्हापावसानें खराब होतो हें खरें. परंतु त्याहून अधिक तो ह्या प्रेमळ हातांनीं खराब होतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें पटण्यासाठीं मोटारीचा रंग म्हणजे काय तें प्रथम पाहिलें पाहिजे. हल्लींच्या मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक चार थर असतात. अगदीं खालीं गंजविरोधी अस्तर. सबंध सांगाडा टाकींत बुडवून विजेच्या प्रवाहाच्या साहाय्यानें तें चढवितात, म्हणून सांध्याकोपऱ्यांतहि तें पोंचतें. त्यावर दुसरें अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. चारहि थरांची मिळून जाडी सुमारें १०० ते १३० मायक्रॉन, आणि त्यांपैकीं वरचें रोगण सुमारें ४० ते ५०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केंस साधारणपणें ७० मायक्रॉन जाड असतो; तेव्हां ज्या रोगणावर मोटारीची सारी शोभा अवलंबून, तें केंसाहूनहि पातळ! सूर्याच्या अतिनील किरणांना अडविणारीं द्रव्यें त्यांतच मिसळलेलीं असतात. तें फार झिजलें कीं खालचा रंग फिका पडतो, टपावर आणि बॉनेटवर पांढरट पोपडे सुटूं लागतात. आणि एकदां पोपडे सुटले कीं जगांतील कोणतेंहि पॉलिश उपयोगी पडत नाहीं. तो भाग खरवडून पुन्हां रंगवावाच लागतो.

मोटारींच्या आरंभकाळीं बग्गीला देत तेंच तेलाचें रोगण तिलाहि हातानें देत, आणि थरावर थर वाळण्यास आठवडेच्या आठवडे जात. फोर्ड कंपनीनें आपली प्रसिद्ध 'मॉडेल टी' १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांत विकली. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीचें 'ड्यूको' नांवाचें नायट्रोसेल्युलोजचें रोगण निघालें. तें पिचकारीनें मारतां येई आणि भराभर वाळे. मोटारी रंगीबेरंगी झाल्या त्या तेव्हांपासून. आपल्याकडील रंगारी कपाटाला यंत्रानें मारलेल्या रंगालाहि 'ड्यूको' म्हणतात, तो शब्द त्या काळचा. पुढें आणखीहि निरनिराळे रंग आले, आणि वरून पारदर्शक रोगणाचा स्वतंत्र थर देण्याची रीत १९८० नंतर रुळत गेली. हा फरक ध्यानांत ठेवावा. कारण जुन्या मोटारीला लागू पडणारा उपाय नव्या मोटारीला घातक ठरतो, आणि उलटहि.

आतां त्या प्रेमळ हातांकडे वळूं. उन्हांत उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या मोटारीच्या बॉनेटवर सूर्याचें प्रतिबिंब पाहावें. त्याच्याभोवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें दिसतात. पुष्कळांची समजूत अशी, कीं पुसणाऱ्यानें फडकें गोल फिरविलें म्हणून हीं वर्तुळें उमटलीं. वस्तुतः चरे सर्व दिशांना असतात; परंतु प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चरे चमकून डोळ्यांना दिसतात, आणि ते सर्व मिळून प्रतिबिंबाभोवतीं वर्तुळाचा भास होतो. स्वयंपाकघरांतील स्टीलचें ताट दिव्याखालीं धरून पाहावें, हाच चमत्कार दिसेल. ताटावरचे चरे घासणीचे. मोटारीवरचे चरे कशाचे? ते धुळीचे. फडकें कितीहि मऊ असो, त्याच्याखालीं सांपडलेला वाळूचा कण मऊ नसतो.

आणि जयसिंगपुरांत धुळीला तोटा नाहीं. दिवाळीच्या सुमारास शिरोळ तालुक्यांतील साखर कारखाने सुरू झाले, कीं उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. रस्त्याच्या कडेची माती उडते, फडांत पाचट पेटतें, कारखान्यांच्या धुराड्यांतून चोयट्याची राख वाऱ्याबरोबर येते. वाळत घातलेल्या धोतरांवर काळे ठिपके पडतात ते गृहिणींच्या नजरेस तत्काळ येतात. तेच ठिपके मोटारीवर पडतात तेव्हां घरांतील कर्ते पुरुष खांद्यावरचा पंचा काढून दोन हात मारतात आणि समाधानानें कचेरीस जातात. हे दोन हातच काय तो घात करतात! पैठणी कोणी दगडावर आपटीत नाहीं. मग केंसाहून पातळ रोगणावर राखेचा पंचा कां फिरवावा? आमची पहिली आणि आग्रहाची सूचना हीच, कीं कोरडें फडकें मोटारीस कधींहि लावूं नये. धूळ बसली तर बसूं द्यावी. बसलेली धूळ चरे पाडीत नाहीं, सरकविलेली पाडते.

धुण्याची रीत सोपी आहे, पण तींतहि क्रम आहे. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं किंवा दिवस कलल्यावर, सावलींत, पत्रा हाताला गार लागत असतांना आरंभ करावा. आधीं नुसतें पाणी वरून खालीं सोडावें. नळी नसेल तर तांब्यानें धार धरावी. हातानें कांहीं चोळूं नये. जितकी माती पाण्यानें वाहून जाईल तितकी फडक्याखालीं येणार नाहीं, म्हणून येथें घाई करूं नये. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शांपू मिसळलेलें पाणी, दुसरींत निव्वळ पाणी. मायक्रोफायबरचें जाड फडकें पहिलींत भिजवून एक भाग धुवावा, दुसरींत खळबळून माती सोडावी, पिळावें, आणि मगच पुन्हां पहिलींत बुडवावें. एकाच बादलीनें धुणें म्हणजे काढलेली माती परत लावणें. हात सरळ रेषेंत चालवावा, वरून खालीं यावें, आणि चाकें व दारांची खालची कड सर्वांत शेवटीं, वेगळ्या फडक्यानें धुवावी. फडकें जमिनीवर पडलें तर तें त्या दिवसापुरतें बाद समजावें. कपडे धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण वापरूं नये, कारण मेणाचा थर त्यानें निघून जातो. तीन बादल्यांत, म्हणजे ४५-५० लिटरांत हें काम होतें. नळी मोकळी सोडली तर याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज जातें, आणि वैशाखांत तें शेजाऱ्यांच्याहि डोळ्यांवर येतें.

पाण्याविषयीं येथें स्वतंत्रपणें लिहिलें पाहिजे, कारण ह्या भागांत मोटारीच्या रंगाचा दुसरा शत्रु तें आहे. शिरोळ तालुक्यांतील क्षारपड जमिनीची गोष्ट शेतकऱ्यांस सांगावयास नको. कूपनलिकेचें पाणी बहुतेक ठिकाणीं जड. बंबांत खपली धरतें, नळाच्या तोटीवर पांढरें कडें करतें. तेंच पाणी मोटारीवर थेंबाथेंबानें वाळलें, कीं थेंबांतील पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. ऊन असेल तर ते रोगणांत रुततात, आणि मग कितीहि धुतलें तरी पांढरीं कडीं जात नाहींत. म्हणून धुतल्याबरोबर, पाणी आपोआप वाळण्याची वाट न पाहतां, स्वच्छ कोरड्या मायक्रोफायबरनें तें टिपून घ्यावें; येथें फडकें कोरडें असलें तरी पत्रा ओला आणि निर्मळ असतो, म्हणून भय नाहीं. पावसाळ्यांत पागोळ्यांचें पाणी पिंपांत धरून ठेवतां आलें तर त्यासारखें उत्तम पाणी नाहीं. आणखी एक गोष्ट. घरोघरीं पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें बसलीं आहेत. त्यांतून बाहेर पडणारें टाकाऊ पाणी वांया जाऊं नये म्हणून काटकसरी गृहिणी तें मोटार धुण्यास देतात. हेतु स्तुत्य, परंतु यंत्रानें गाळून काढलेले सर्व क्षार त्याच पाण्यांत एकवटलेले असतात. चाकांचा चिखल काढण्यास तें खुशाल घ्यावें, रंगावर अखेरचा हात मात्र त्याचा देऊं नये. त्यापेक्षां पिण्याच्या शुद्ध पाण्याचे चार तांब्ये शेवटीं वरून ओतावे. कडीं पडलींच असलीं तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन, गार पत्र्यावर फडक्यानें मिनिटभर ठेवून लगेच धुवून टाकावें.

पाखरांची विष्ठा, झाडाचा चीक आणि रस्त्यावरचें डांबर ह्या तिहींना रविवारची वाट पाहावयास लावूं नये. विष्ठा उन्हांत कांहीं तासांत रोगणावर कायमचा डाग पाडते. ती खरवडूं नये. ओलें फडकें पांच-दहा मिनिटें तिच्यावर घालून ठेवावें आणि मऊ झाल्यावर उचलून घ्यावी. डांबराचे ठिपके कापसाच्या बोळ्यावर थोडें रॉकेल घेऊन सुटतात. मात्र देवघरांतील निरांजन किंवा शेगडी जवळ नसावी, आणि नंतर ती जागा शांपूनें धुवावी. डिझेल किंवा रॉकेल सबंध गाडीवर फिरवून चमक आणण्याची जी चाल आहे, ती चमक तेलाच्या ओशट थराची असते. दुसऱ्या दिवशीं त्यावरच दुप्पट धूळ बसते.

धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताला चढवून पत्र्यावरून हलकेच फिरवावी. उघड्या हाताला जें गुळगुळीत वाटतें तेंच पिशवींतून खरखरीत लागेल. हे लोखंडाचे, डांबराचे, राखेचे सूक्ष्म कण रोगणांत रुतलेले असतात. ते काढण्यासाठीं एक कृत्रिम चिकणमाती मिळते. ती मळून चपटी करावी, शांपूच्या पाण्यानें पत्रा निसरडा ठेवावा, आणि कणकेच्या लाटीनें परात पुसावी तशी ती हलक्या हातानें फिरवावी. मळली कीं घडी घालून नवी बाजू वर आणावी. खालीं पडली तर टाकून द्यावी, मग ती कितीहि महाग असो.

येथपर्यंतचें काम घरांतील कोणींहि करावें. पुढें पॉलिश येतें, आणि तेथें विचार हवा. सामान्य समज असा, कीं पॉलिशानें चरा भरून निघतो. तसें होत नाहीं. पॉलिशांत बारीक घांसणारी पूड असते, आणि ती चऱ्याभोंवतालचें रोगण चऱ्याच्या तळापर्यंत खालीं आणते. सुतार फळीवरचा खांचा रंध्यानें घालवितो त्याचीच ही सूक्ष्म आवृत्ति. सौम्य पॉलिशानें एका वेळीं एक-दोन मायक्रॉन जातात, खरखरीत रबिंग कंपाउंडानें त्याहून पुष्कळ अधिक. ४०-४५ मायक्रॉनांच्या पुंजींतून दर दसऱ्याला असा खर्च होऊं लागला तर किती वर्षें पुरेल याचा हिशेब घरांतल्या मुलांकडूनच करवून घ्यावा. ही पुंजी परत भरतां येत नाहीं. दांतांची पेस्ट चऱ्यावर चोळण्याचा जो घरगुती उपाय सांगतात, त्यांतहि घांसणारी पूडच असते. फरक इतकाच कीं ती किती खरखरीत आहे हें कोणास ठाऊक नसतें.

चरा नखानें पारखावा. नख आडवें फिरवितांना अडलें तर तो चरा खोल; तो पॉलिशानें काढण्याच्या भरीस पडूं नये. नख अडलें नाहीं तर सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन आधीं एक वीतभर जागेवर, फोमच्या गादीनें, प्रयोग करावा. तेवढ्यानें भागलें तर खरखरीत मिश्रणाला हात लावूं नये. दारांच्या कडा, बॉनेटवरच्या उभार रेघा येथें रोगण सर्वांत पातळ असतें. तेथें कागदी चिकटपट्टी लावून त्या झांकाव्या. भाड्यानें आणलेलें वेगानें फिरणारें यंत्र नवख्या हातीं देऊं नये. तें एकाच जागीं क्षणभर अधिक थांबलें तर रोगण जळतें, आणि ओल्या अंगणांत विजेची तार ही निराळीच आपत्ति. नव्या मोटारीवर काम करतांना फडक्यावर गाडीचा रंग दिसूं लागला, तर तेथेंच थांबावें. पारदर्शक थर संपला असा त्याचा अर्थ.

जुन्या मोटारीचें गणित वेगळें. आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत त्यांच्या वडिलांची प्रीमिअर पद्मिनी ताडपत्रीखालीं उभी होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली ही गाडी; तिच्यांतूनच घरच्या दोन मुलींची वरात निघाली होती. धाकट्या नातीच्या लग्नांत तीच गाडी पुन्हां काढावी असें ठरलें, आणि नातवानें पॉलिशच्या यंत्राची चौकशी चालविली. अशा गाड्यांवर वेगळें पारदर्शक रोगण नसतें. रंग आणि चकाकी एकाच थरांत. म्हणून पॉलिश करतांना फडक्यावर रंग येणारच, त्यानें घाबरावयाचें कारण नाहीं. परंतु आम्हीं बॉनेटची कड पाहिली तों तेथें तांबडें अस्तर डोकावत होतें. पन्नास वर्षांच्या घांसणीनें रंग तेवढाच उरला होता. आणखी एक पॉलिश म्हणजे लग्नाच्या दिवशीं चकाकी आणि पुढच्या पावसाळ्यांत गंज. पुन्हां रंगविली तर गाडी नवी दिसेल, पण वडिलांनीं निवडलेला तो रंग जाईल. घरांत दोन पक्ष पडले. अखेर आजी म्हणाल्या, "माझ्या सुरकुत्या काढायला कुणी रंधा आणला नाहीं, मग तिच्याच मागें कां लागतां?" नुसती धुवून मेण लावावी असें ठरलें, आणि फिक्या झालेल्या त्या रंगाला मेणानें जी खोली आली ती पाहून नातवानेंहि यंत्राचें नांव सोडलें. ताडपत्री मात्र आम्हीं काढावयास लाविली. तिच्याखालीं दमट हवा कोंडून रंगाला फोड येतात, आणि वाऱ्यानें ती फडफडली कीं कडा घांसतात. हवा खेळेल असें कापडी आवरण घ्यावें, तेंहि स्वच्छ गाडीवरच घालावें.

मेण कोणतें, हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. मधमाश्यांचें मेण ६२-६४ अंशांवर वितळतें. उन्हांत तापलेल्या पत्र्यावर तें मऊ होऊन धूळ धरतें. कार्नोबा हें ब्राझीलच्या ईशान्य भागांतील एका ताडाच्या पानांवरचें मेण. तें ८० अंशांच्याहि वर वितळतें, म्हणून मोटारीच्या मेणांत त्याला मान. धुवून वाळलेल्या गाडीवर तें अगदीं पातळ लावावें, धुरकट दिसूं लागलें कीं पुसून घ्यावें. जाड लावल्यानें अधिक टिकत नाहीं, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. काळ्या प्लॅस्टिकच्या भागांना लागूं देऊं नये, पांढरे डाग पडतात. आपल्या ऊनपावसांत त्याचें आयुष्य थोड्या आठवड्यांचें. हल्लीं हजारों रुपये घेऊन 'सिरॅमिक' लेप देतात. तो सिलिकाजातीच्या द्रव्यांचा असतो, मेणापेक्षां पुष्कळ अधिक टिकतो, आणि त्यावरून पाणी व चिखल सहज ओघळतात. परंतु '९ एच' काठिण्य म्हणून जें सांगतात तें शिसपेन्सिलींच्या मापाचें, हिऱ्या-माणकांच्या मापाचें नव्हे. राखेचा पंचा त्यावरहि चरे पाडील.

खंडेनवमीला मोटारीची पूजा होते. त्या दिवशींचें ओलें कुंकू बॉनेटवर वाळलें कीं त्यांतील रंग रोगणांत शिरतो, आणि फिकट गाडीवर तो स्वस्तिक पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसत राहतो. कुंकू कांचेवर लावावें किंवा त्याच दिवशीं सायंकाळीं भिजवून काढावें. झेंडूच्या माळेचा दोरा वाऱ्यानें घांसत राहतो. आरती झाल्यावर माळ उतरवून देवघरांत ठेवण्यास शास्त्राचा विरोध नसावा.

२००५, २०१९ आणि २०२१ ह्या सालांतील कृष्णा-पंचगंगेचे महापूर ह्या तालुक्यानें पाहिले आहेत. पुरांत उभी राहिलेली मोटार आधीं सुरू करूं नये, हें तर आतां सर्वांस कळलें आहे. रंगापुरतें सांगावयाचें तें असें, कीं वाळलेला गाळ पुसूं नये. पाण्यानें वारंवार भिजवून वाहून जाऊं द्यावा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्याचीं लहान भोकें असतात. तीं गाळानें बुजलीं तर पाणी आंत सांठतें आणि पत्रा आंतून कुजतो. बाहेरचा रंग तोंवर चकचकीतच दिसतो. एरवींहि पावसाळ्यापूर्वीं हीं भोकें काडीनें मोकळीं करावीं.

उसाच्या ट्रॉलीमागून जातांना खडा उडून टवका पडला, तर त्याकडे दुर्लक्ष करूं नये. तेथूनच गंजाला वाट मिळते. आपल्या मोटारीच्या रंगाचा सांकेतिक आंकडा गाडींतच एका पट्टीवर छापलेला असतो. तो सांगून दुकानांतून रंगाची छोटी कुपी आणावी. टवक्यांत गंज धरला असेल तर बारीक पॉलिश पेपराच्या टोंकानें तेवढाच काढावा, जागा स्वच्छ करून वाळवावी, आणि दांतकोरणीच्या टोंकानें थेंबभर रंग आंत सोडावा. एकाच वेळीं भरगच्च भरूं नये. पातळ थर द्यावा, वाळूं द्यावा, मग दुसरा. तीन-चार थरांत तो पृष्ठभागाशीं बरोबर येतो. त्या जागीं पुढें महिनाभर मेण लावूं नये.